फिरणारा लॅपटॉप घेण्यापूर्वी

लॅपटॉपच्या दुकानात विक्रेता पडदा मागे नेत नेत थेट तळाला टेकवतो आणि म्हणतो, "बघा साहेब, टॅब झाला!" निम्मी विक्री तिथेच झालेली असते. उरलेल्या निम्म्यात आपण रॅम किती, ऑफिस मिळणार का, बॅग फुकट का, एवढं विचारतो आणि कार्ड पुढे करतो. ज्या फिरणाऱ्या पडद्यासाठी, त्यावरच्या काचेसाठी आणि पेनासाठी आपण जास्तीचे पैसे मोजतोय, त्याच गोष्टी तपासायच्या राहून जातात.

'कन्व्हर्टिबल' लॅपटॉपचा हा प्रकार तसा नवा नाही. लेनोवोचा 'योगा' २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर बाजारात आला आणि पाठोपाठ एचपीचा एक्स३६०, एसरचा स्पिन, आसुसचा फ्लिप, डेलचे टू-इन-वन अशी रांग लागली. सगळ्यांची रचना एकच: पूर्ण ३६० अंशांत फिरणाऱ्या दोन बिजागऱ्या, बोटाला दाद देणारा काचेचा पडदा आणि बहुतेक वेळा पेनाची सोय. सरफेस प्रोसारख्या यंत्रांचा कीबोर्ड सुटा होतो; त्यांचा हिशोब वेगळा, ती इथे नाहीत. इथे रोख आहे तो साधारण साठ ते नव्वद हजारांत मिळणाऱ्या चौदा इंची कन्व्हर्टिबलवर. दीड लाखाच्या यंत्रात सगळंच चांगलं मिळतं, चाळीस हजारांच्या यंत्राकडून कुणी फार अपेक्षा ठेवत नाही. मधल्या पट्ट्यात मात्र कंपनीने कुठे ना कुठे हात आखडता घेतलेला असतो, आणि तो कुठे घेतलाय हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

दुकानात शिरण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर घरीच देऊन टाका. पडद्यावर पेनाने लिहिण्याचं तुमचं काम आहे का? गणित किंवा भौतिकशास्त्राच्या शिकवण्या घेणारे, वास्तुरचनेचे विद्यार्थी, आकृत्यांसह नोट्स काढणारी मेडिकलची मुलं, दिवसभर पीडीएफवर खुणा करणारे संपादक आणि वकील, टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला कागद दाखवून समजावणारे विमा सल्लागार, यांना हे यंत्र खरोखर उपयोगी पडतं. बी.कॉम.ला असलेल्या मुलाला एक्सेल, टॅली आणि यूट्यूब पुरणार असेल तर त्याच पैशात साधा लॅपटॉप जास्त ताकदीचा आणि मजबूत मिळतो. 'कधीतरी लागेल' म्हणून घेतलेला फिरणारा पडदा पहिल्या महिन्यात पाहुण्यांना दाखवण्यापुरता फिरतो.

आणखी एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. हा टॅब नव्हे. चौदा इंची कन्व्हर्टिबलचं वजन साधारण दीड किलो असतं. २०२५ मध्ये आलेल्या साध्या आयपॅडचं पाचशे ग्रॅमच्या आत आहे. दीड किलोची पाटी एका हातात धरून लोळत पुस्तक वाचणं दहा मिनिटांच्या वर जमत नाही. टेबलावर सपाट ठेवून लिहिणं, मांडीवर घेऊन खुणा करणं, तंबूसारखा उभा करून व्हिडिओ पाहणं, इतकाच त्याचा टॅबपणा. हातात धरून वाचायचं असेल तर पन्नास-पंचावन्न हजारांचा साधा लॅपटॉप आणि वेगळा टॅब ही जोडी सरस ठरते. सॅमसंगच्या एस मालिकेतल्या टॅबबरोबर पेनही डब्यातच येतं. मात्र दोन चार्जर सांभाळायचे आणि फाइल इकडून तिकडे करत बसायच्या. ते नको असेल, सगळं एकाच यंत्रात हवं असेल, तर पुढे वाचा.

बिजागरी

साध्या लॅपटॉपची एक लोकप्रिय परीक्षा आहे: एका बोटाने झाकण उघडलं आणि खालचा भाग उचलला गेला नाही की बिजागरी चांगली. कन्व्हर्टिबलला ही परीक्षा लावू नका. इथे पडद्याला बोटाने ढकलायचं असतं. बिजागरी हलकी असेल तर झाकण एका बोटाने उघडेल खरं, पण पडद्याला हात लावला की तो मागे झुकेल आणि थरथरत राहील. किंचित कडक बिजागरी, उघडताना दुसरा हात लावावा लागला तरी, या यंत्रासाठी योग्य. पडदा नेहमीच्या कोनात उघडा आणि वरच्या कोपऱ्यात बोटाने टकटक करा, खिडकी बंद करायच्या फुलीवर करतो तशी. एकदा हलून लगेच स्थिर झाला तर ठीक. पुढची टकटक करेपर्यंत डुलतच असेल तर रोज डुलणार.

दुकानातला डेमो पीस लोकांना नकोसा वाटतो, पण बिजागरीच्या बाबतीत तो फुकट मिळालेला पुरावा आहे. शेकडो गिऱ्हाइकांनी तो पुढेमागे फिरवलेला असतो, तोही निष्काळजीपणे. तीन-चार महिने काउंटरवर राहूनही त्याचा पडदा ठेवाल त्या कोनात थांबत असेल, तर तुमच्या घरी दोन-तीन वर्षं काढायला हरकत नाही. तोच जर पंचेचाळीस अंशांवर सोडल्यावर हळूच आपटत असेल, तर सीलबंद डब्यातला नवा कोरा पीसही त्याच वाटेने जाणार. नवा पीस मागण्याआधी डेमो पीस नीट हाताळून घ्या.

या बिजागऱ्या मोडतात त्या बहुधा धातूत नव्हे, तर धातू जिथे प्लास्टिकला जोडलेला असतो तिथे. बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी नळ्यांत बसतात, त्या नळ्या तळाच्या किंवा झाकणाच्या प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या असतात. झाकण रोज एकाच कोपऱ्याला धरून उघडलं की पिळा बसतो, प्लास्टिकला चीर जाते आणि एके दिवशी कडा 'कट्' आवाज करून उकलते. म्हणून तळ आणि झाकण ॲल्युमिनियमचं आहे की प्लास्टिकचं, हे विचारा. या किमतीत बऱ्याचदा झाकण धातूचं आणि तळ प्लास्टिकचा अशी सरमिसळ असते, आणि विक्रेता 'मेटल बॉडी' म्हणतो तेव्हा तो झाकणावर टिचकी मारत असतो. तळावर तुम्ही मारा. झाकण मधोमध धरून उघडायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या, मुलांनाही लावा.

पडदा पूर्ण मागे नेल्यावर दोन्ही भाग एकमेकांना चिकटून राहतात का, की मध्ये फट राहून चालताना फडफडतात, तेही बघा. या स्थितीत कीबोर्ड मागच्या बाजूला, तुमच्या बोटांखाली येतो. नोटपॅड उघडून, पडदा मागे नेऊन, मागची बटणं मुद्दाम दाबा. एकही अक्षर उमटता कामा नये. पडदा आडवा-उभा करा. चित्र लगेच फिरलं पाहिजे. पंख्याची गरम हवा कुठून निघते ते हाताने चाचपा. अनेक यंत्रांत ती बिजागरीजवळून निघते आणि पाटीसारखं धरल्यावर नेमका तिथेच तळहात येतो.

विंडोज १० मध्ये टॅबलेटसाठी वेगळा मोड होता. विंडोज ११ ने तो काढून टाकला. आता पडदा मागे नेला की टास्कबारवरची चिन्हं थोडी सुटी होतात, एवढंच. मराठी लिहिणाऱ्यांनी दुकानातच भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून पाहावी. विंडोजमध्ये इनस्क्रिप्टबरोबर मराठी फोनेटिक हा कीबोर्डही २०१९ पासून मिळतो. डेमो पीसवर भाषा जोडायला विक्रेता कुरकुरला तर किमान टॅब स्थितीत एखाद्या रिकाम्या चौकटीत बोट टेकवून पडद्यावरचा कीबोर्ड आपोआप वर येतो का ते पाहा. तो रोज हाताने बोलवावा लागला तर वैताग येतो.

पेन

इथे सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून थोडं सावकाश.

पहिला प्रश्न: पेन डब्यात आहे का? 'पेन सपोर्ट' असं लिहिलेलं असतं तेव्हा बहुधा नसतं. वेगळं घ्यायला गेलात तर कंपनीचं पेन दोन-तीन हजारांपासून पुढे कितीही. हे पैसे लॅपटॉपच्या किमतीत धरूनच तुलना करा. दहा हजारांनी महाग वाटणाऱ्या मॉडेलच्या डब्यात पेन असेल तर फरक आपोआप कमी होतो.

दुसरा प्रश्न: कोणतं पेन चालतं? पेन आणि पडदा एकमेकांशी ठरावीक भाषेत बोलतात. विंडोजच्या जगात अशा दोन मुख्य भाषा आहेत, मायक्रोसॉफ्टची एमपीपी आणि वॅकॉमची एईएस. एकीचं पेन दुसरीच्या पडद्यावर उमटत नाही. दोन्ही जाणणारी काही पेनं मिळतात, पण तसं वेष्टनावर स्पष्ट लिहिलेलं हवं. क्रोमबुकसाठीचं यूएसआय आणखी वेगळं. ॲपलची पेन्सिल विंडोजवर चालत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत दोन वेगळ्या भाषा असू शकतात, तेव्हा ब्रँड बघून पेन घेऊ नका. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलच्या तपशिलात काय लिहिलंय ते बघा. काहीच लिहिलेलं नसेल तर तो पडदा फक्त बोटासाठी आहे असं समजा. रस्त्यावर तीनशे रुपयांत मिळणारी रबरी टोकाची पेनं म्हणजे निव्वळ कृत्रिम बोटं: ना दाब कळतो, ना टेकलेला तळहात वेगळा ओळखता येतो.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष लिहून पाहणं. डेमोला पेन ठेवलेलं नसेल तर आणायला सांगा. साठ हजारांची खरेदी आहे, संकोच कसला. पेंट उघडा, ते प्रत्येक यंत्रात असतंच. इंग्रजी परीक्षणांमध्ये सावकाश तिरप्या रेषा ओढायला सांगतात. आपल्याकडे त्याच्या जोडीला आणखी एक कसोटी तयारच आहे: देवनागरी. एक लांब वाक्य लिहा आणि शिरोरेखा शेवटी, डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश ओढा. पेन भरभर चालवलं तर स्वस्तातलंही सुबक दिसतं, सावकाश ओढताना त्याचं पितळ उघडं पडतं: रेघ जिन्याच्या पायऱ्यांसारखी थरथरते. मग तीच रेघ तिरपी, पट्टीच्या कडेने ओढून पाहा. तिथे थरथर आणखी उठून दिसेल.

आता अनुस्वार द्या. हलकेच टेकवलेलं टिंब उमटतं का? काही पडद्यांना पेन जरा दाबून टेकवल्याशिवाय कळतच नाही. मग 'अंक' लिहिलं की 'अक' होतं, नुक्ते आणि दशांशचिन्हं गळतात. गणिताच्या शिक्षकाला दशांशचिन्ह गळणं परवडणार नाही. उलट काही पडदे इतके हळवे असतात की पेन उचलल्यावरही बारीक शेपूट ओढली जाते, 'र'ला नको तिथे फाटा फुटतो. ज्ञ, क्ष, ऱ्ह अशी वळणदार अक्षरं लहान आकारात लिहा. हे सगळं करताना तळहात पडद्यावर मुद्दाम टेकवून ठेवा, वहीवर ठेवतो तसा. हाताच्या कडेने डाग उमटले किंवा पान सरकलं, तर त्या यंत्रावर तासभर लिहिता येणार नाही. पेनाचं टोक आणि उमटणारी रेघ यांत अंतर दिसतं का, हे पडद्याच्या कडांजवळ तपासा. मध्यभागी सगळं ठीक दिसतं.

दाबाच्या '४०९६ पातळ्या' वगैरे आकड्यांना फार महत्त्व देऊ नका. चित्रकाराला त्यांचा उपयोग आहे, लिहिणाऱ्याला शिरोरेखा सरळ येणं जास्त गरजेचं.

पेन राहतं कुठे, हाही व्यवहाराचा प्रश्न. अंगातच खाच असेल तर उत्तम, पण तसं पेन बारीक असतं आणि फार वेळ धरवत नाही. बाजूला चुंबकाने चिकटणारं पेन बॅगेत सुटतंच. काही पेनांत एएएए, म्हणजे चार ए वाला, बारीक सेल लागतो. पुण्या-मुंबईत तो शोधून मिळेल, तालुक्याच्या गावी तीन ए वाला दाखवून 'हाच असेल' म्हणतील. टाइप-सीवर चार्ज होणारं पेन मिळत असेल तर तेच घ्या.

पडदा

विक्रेता जो व्हिडिओ लावून दाखवतो, त्यात रंगीत पोपट आणि समुद्र असतात. कुठलाही पडदा त्यात छान दिसतो. तुम्ही वर्डचं कोरं पांढरं पान उघडा. पांढरा रंग पिवळट किंवा निळसर दिसतो का, कडेला सावल्या आहेत का, ते कळेल. मग पडदा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली धरा. कन्व्हर्टिबलवर बहुधा चकचकीत काच असते, आणि पडद्याचा प्रकाश पुरेसा नसेल तर दिवसा त्यात आपलाच चेहरा दिसत राहतो. तपशिलात या प्रकाशाचा, म्हणजे निट्सचा, आकडा शोधा: २५० असेल तर सोडून द्या, ३०० चालेल, ४०० असेल तर समाधान. रंगांसाठी '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं आढळलं तर तो फिका पडदा आहे हे ओळखा; '१०० टक्के एसआरजीबी' हवं. विक्रेत्याला हा आकडा सहसा ठाऊक नसतो, आणि कंपनीच्या पानावरही तो तळाशी बारीक अक्षरांत सापडतो. एकाच मॉडेलचे दोन पडदे बाजारात असू शकतात, म्हणून मॉडेलचं नाव नव्हे, त्याच्या पुढचा पूर्ण क्रमांक जुळवा.

१६:१० प्रमाणाचा, १९२० गुणिले १२०० बिंदूंचा पडदा घ्या. जुन्या १६:९ पेक्षा तो थोडा उंच असतो आणि उभा धरून लिहिताना पान अरुंद वाटत नाही. या किमतीत आता ओएलईडीही मिळू लागलेत. काळा रंग सुंदर, रंग टवटवीत. पण डोळ्यांना लवकर शीण येणाऱ्यांनी प्रकाश कमी करून मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरावा. ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर तो पडदा वेगाने उघडझाप करून प्रकाश कमी करतोय, आणि काहींना त्याने डोकं दुखतं.

आतलं सामान

प्रोसेसरच्या नावांचा गोंधळ मुद्दाम घातल्यासारखा आहे. एएमडीच्या ७००० मालिकेत चार आकड्यांतला तिसरा आकडा खरी पिढी सांगतो. रायझन ५ ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३, जी रचना २०२० ची. ७५२०यू तर झेन २, त्याहूनही जुनी. '७' दिसला म्हणून नवा समजू नका. इंटेलचंही तसंच. २०२४ पासून 'कोअर अल्ट्रा' आणि नुसतं 'कोअर' अशी दोन घराणी झाली. कोअर ५ १२०यू सारखी नावं नवी वाटतात, आत मात्र आधीचीच पिढी आहे. वाईट नाही ती, ऑफिसच्या कामाला पुरेशी आहे, पण किंमतही जुन्याचीच असायला हवी. नावाच्या शेवटी 'एच' असलेला प्रोसेसर जास्त ताकदीचा. पातळ कन्व्हर्टिबलमध्ये त्याची उष्णता बाहेर पडायला जागा कमी, म्हणून थोड्या वेळाने तोही वेग उतरवतो. 'यू' किंवा 'व्ही' इथे जास्त शोभतात. इंटेलच्या २२६व्ही आणि २२८व्ही मध्ये तर रॅम प्रोसेसरच्याच चौकटीत बसवलेली असते: पहिल्यात १६ जीबी, दुसऱ्यात ३२.

रॅमचा मुद्दा कन्व्हर्टिबलमध्ये सर्वांत कठोर आहे, कारण ती बहुतेक वेळा मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. 'नंतर वाढवून देऊ' हे विक्रेत्याचं आश्वासन इथे चालत नाही. खात्री करायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल; परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. खाली 'फॉर्म फॅक्टर'पुढे 'रो ऑफ चिप्स' लिहिलं असेल तर रॅम सोल्डर केलेली आहे आणि आज जेवढी तेवढीच कायम राहणार. १६ जीबीच्या खाली जाऊ नका. ८ जीबीचं मॉडेल आठ-दहा हजारांनी स्वस्त दिसेल आणि क्रोमच्या वीस टॅब उघडल्या की त्या बचतीची आठवण करून देईल. एसएसडी मात्र बहुधा बदलता येते, त्यामुळे ५१२ जीबीवर भागवायला हरकत नाही.

एआयचं लेबल? मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस पीसीसाठी सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया करणारा एनपीयू (एआयच्या कामांसाठीचा वेगळा प्रोसेसर) आणि १६ जीबी रॅम लागते. आहे तर असू द्या. केवळ त्या स्टिकरसाठी जास्त पैसे देण्याजोगं त्यात आज काही नाही.

स्नॅपड्रॅगनवर चालणारी विंडोज यंत्रंही दिसतील. बॅटरी दणकट, पंख्याचा आवाज कमी. पण त्यांचे ड्रायव्हर एआरएमसाठी वेगळे बनवलेले असावे लागतात. ज्यांना जीएसटीसाठी किंवा ई-निविदेसाठी डिजिटल सहीचं टोकन लावावं लागतं, ज्यांची जुनी मराठी डीटीपी सॉफ्टवेअर डोंगलवर चालतात, ज्यांचा प्रिंटर दहा वर्षांचा आहे, त्यांनी आपल्या उपकरणाचा एआरएम ड्रायव्हर मिळतो हे आधी पाहावं आणि नसेल तर तिकडे फिरकू नये.

बॅटरीच्या तासांवर विश्वास ठेवू नका, वॅट-अवर पाहा. टंकलेखन, ब्राउझर, थोडा व्हिडिओ अशा कामाला यंत्र साधारण ७ ते १० वॅट खातं. ५५ वॅट-अवरला ८ ने भागलं की सात तासांच्या आसपास येतात. जाहिरातीतले अठरा तास हे प्रकाश मंद करून एकच व्हिडिओ चालवून काढलेले असतात. ५० च्या खालची बॅटरी घेऊ नका. डेमो पीस किंवा ओपन-बॉक्स सवलतीत घेत असाल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप करून बॅटरीचा अहवाल काढा. मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही त्यात दिसतात. काउंटरवर महिनोन्‌महिने चार्जरला लावून ठेवलेल्या यंत्राची बॅटरी नवी असूनही थकलेली असू शकते.

पोर्टांचं थोडक्यात: टाइप-सीवरून चार्ज होणारं यंत्र घ्या, एक तरी जुना चौकोनी यूएसबी हवा, आणि वर्गात शिकवत असाल तर एचडीएमआय. शाळांचे प्रोजेक्टर टाइप-सी ओळखत नाहीत.

घेताना

नावांची अदलाबदल सध्या जोरात आहे. एचपीने २०२४ पासून ओम्नीबुक हे नाव आणलं, डेलने २०२५ च्या सुरुवातीला इन्स्पिरॉनसारखी जुनी नावं मोडीत काढायचं जाहीर केलं. दुकानात जुन्या आणि नव्या नावांची यंत्रं शेजारी शेजारी असतात. जुनं म्हणून वाईट नाही. जुना साठा असेल तर भाव करा. डब्यावरच्या लेबलवर निर्मितीचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचा. वर्षभर गोदामात पडलेल्या यंत्राला पूर्ण किंमत कशाला द्यायची?

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या शहरातल्या अशाच बाजारात ऑनलाइनपेक्षा हजार-दोन हजार जास्त सांगतील. पेन लिहून पाहू देत असतील, बिजागरी फिरवू देत असतील, तर तेवढा फरक सोसण्यासारखा आहे. ऑनलाइन घ्यायचं असेल तरी तेच मॉडेल आधी कुठेतरी हाताळून या, आणि परतीच्या अटी वाचा. अनेक ठिकाणी लॅपटॉपला पैसे परत नसतात, फक्त बदली किंवा दुरुस्ती असते. डबा उघडताना सील तोडण्यापासून व्हिडिओ काढा. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के आहे. व्यवसायासाठी घेत असाल तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक टाकून घ्या, म्हणजे नियमात बसत असल्यास त्याची वजावट मिळेल.

परदेशातल्या भावा-बहिणीकडून मागवणाऱ्यांसाठी: अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो. तिकडे स्वस्त मिळतोही. पण वॉरंटी भारतात लागू आहे का, हे त्या मॉडेलच्या क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर आधी पाहून घ्या. फिरत्या बिजागरीचं यंत्र वॉरंटीविना घेणं मला तरी पटत नाही.

वॉरंटीचं खरं महत्त्व काचेपाशी आहे. कन्व्हर्टिबलची काच आणि पडदा बहुधा एकमेकांना चिकटवलेले असतात. काचेला तडा गेला तर फक्त काच बदलत नाहीत, संपूर्ण डिस्प्ले बदलतात, आणि त्याचं बिल ऐकून माणूस नवीनच घ्यावा का, असा विचार करू लागतो. साध्या वॉरंटीत फुटणं धरत नाहीत. म्हणून या प्रकारात अपघाती नुकसानीचं संरक्षण घेणं मी पैशाचा अपव्यय मानत नाही. साध्या लॅपटॉपला मी ते सुचवणार नाही. वॉरंटी ऑन-साइट असेल तर तुमच्या पिनकोडला ती लागू आहे का, ते विचारा. 'ऑन-साइट' लिहिलेलं असूनही आतल्या गावांसाठी यंत्र जिल्ह्याच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यावं लागतं, असं नंतर कळतं.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी सिरीयल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. वॉरंटी सुरू झाल्याची तारीख तुमच्या बिलाच्या तारखेशी जुळली पाहिजे; महिनाभर आधीची दिसली तर बिल पाठवून दुरुस्त करून घ्या. ऑफिस मिळालं असेल तर ते आपल्याच खात्याने सुरू करा, दुकानदाराच्या नव्हे. बदलीच्या मुदतीत पेनाने रोज तासभर लिहा आणि पडदा हवा तसा फिरवा, दोष निघायचा तर तेव्हाच निघू द्या. बिलावर सिरीयल क्रमांक लिहिलेला आहे याची खात्री करून त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.